रणगाड्यांच्या सराव-सिम्युलेशनमधला ‘शत्रू’ एजंट: निर्णय कसे घ्यायला लावायचे? (नकाशा सोलापूरचा)

माळरान (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा शेवटच्या वर्षाचा गट डेस्कटॉपवर चालणारं टँक ट्रूपचं सराव-सिम्युलेशन करतोय. वाळूच्या मॉडेलवर डावपेचांचा जो सराव घेतात तोच संगणकावर, एवढाच आवाका. नकाशा मुद्दाम इथलाच घेतलाय: सीना आणि भीमा हत्तरसंग कुडलला मिळतात, त्याच्या वरच्या अंगाचा २० बाय २० किलोमीटरचा चौकोन. उंचीचा डेटा १ आर्क-सेकंदाचा, म्हणजे साधारण ३० मीटरची जाळी. शिकणाऱ्याकडे टी-७२ चा ट्रूप, तीन गाड्या. समोर एजंटच्या, म्हणजे संगणक चालवतो त्या शत्रूच्या, तीन गाड्या आणि एक क्षेपणास्त्र पथक.

एजंट सध्या फायनाइट स्टेट मशीन आहे. गस्त, संपर्क, हल्ला, माघार वगैरे ११ अवस्था. अडचणी अशा: शिकणाऱ्याने ज्वारीच्या रानात गाडी घातली तरी एजंट ३,८०० मीटरवरून लगेच गोळा मारतो, त्यामुळे पोरं म्हणतात हा चोरून बघतोय. कालव्यापाशी कधी अडकतो, कधी चक्क कालव्यातून पार होतो. हल्ला आणि माघार यांच्यात दर सेकंदाला हेलकावे खातो. आणि थोडे डाव झाले की त्याची चाल सगळ्यांना पाठ होते.

स्टेट मशीन टाकून रीइन्फोर्समेंट लर्निंगकडे (खेळून-खेळून, बक्षिसाच्या गुणांवरून आपणच शिकणारा एजंट) जावं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

भीमाकाठ · सोमवार, रात्री १०.४५

माळरान, तुमच्या चारपैकी निदान दोन अडचणी निर्णयाच्या नाहीतच, त्या दिसण्याच्या आणि जमिनीच्या आहेत. निर्णयाचं इंजिन बदललंत तरी त्या तशाच राहतील. म्हणून आधी दृष्टी.

पहिला नियम: सिम्युलेशनची खरी स्थिती एजंटला कधीही वाचू द्यायची नाही. त्याला स्वतःची ‘माहितीची वही’ द्या. प्रत्येक दिसलेल्या लक्ष्यासाठी एक ओळ: शेवटचं ठिकाण, शेवटचं कधी दिसलं, अनिश्चिततेची त्रिज्या, वर्ग (काहीतरी / वाहन / रणगाडा / शत्रूचा रणगाडा) आणि खात्री. लक्ष्य नजरेआड झालं की त्रिज्या वाढत जाते. शेतातून गाडी सेकंदाला ५ मीटर धरली तर मिनिटाभरात त्रिज्या ३०० मीटर होते. निर्णयाचा सगळा कोड फक्त या वहीवर चालला पाहिजे. हे पाळायचं तर दृष्टीचा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा आणि एजंटच्या कोडला जगाच्या ऑब्जेक्टचा संदर्भच देऊ नका. ‘तात्पुरतं’ म्हणून दिलेला संदर्भ कायमचा राहतो.

आता दिसणं. एक सरळ रेषा मारून ‘अडथळा नाही, म्हणजे दिसलं’ असं तुम्ही करत असणार. त्याऐवजी असं करा.

नजरेच्या रेषेवर दर १५ मीटरला उंची तपासा, जाळीच्या निम्म्यापेक्षा मोठं पाऊल घेऊ नका. लक्ष्यावर एकच बिंदू न घेता तळ, मध्य आणि बुरुजाचं छत असे तीन घ्या, म्हणजे किती भाग उघडा आहे ते कळेल. टी-७२ ची उंची बुरुजाच्या छतापर्यंत सुमारे २.२ मीटर. तुम्ही सपाट प्रोजेक्शन वापरत असाल तर पृथ्वीचा बाक वजा करायला विसरू नका: ४ किलोमीटरवर तो सव्वा मीटर येतो. डोंगराळ भागात हे खपून जातं. आपल्याकडच्या सपाट रानात सव्वा मीटर म्हणजे अर्ध्याहून जास्त रणगाडा.

पिकाचा थर वेगळा लागेल. तुमचा उंचीचा डेटा शटल रडारचा असेल तर तो फेब्रुवारी २००० चा आहे. त्यात पीक शोधू नका. महिन्यागणिक पिकाच्या उंचीचा एक रास्टर (आकड्यांची चौकटी जाळी) बनवा: डिसेंबर-जानेवारीत मालदांडी ज्वारी २ मीटरच्या आसपास, उभा ऊस ३ मीटर, तूर दीड ते दोन. नुसत्या डोळ्याला किंवा दिवसाच्या दुर्बिणीला वाढलेल्या ज्वारीत टी-७२ जवळजवळ पूर्ण बुडतो. पण आत बसलेल्यालाही बाहेरचं दिसत नाही. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात आणि मग ज्वारी म्हणजे फुकटची अदृश्य चादर होते.

यानंतर जॉन्सनचे निकष, म्हणजे लांबची वस्तू किती ओळखता येईल याचे ठोकताळे. लक्ष्याच्या लहान मापावर दुर्बीण किती जोडरेषा (एक काळी, एक पांढरी रेष मिळून एक) वेगळ्या दाखवते, त्यावरून पन्नास टक्के शक्यतेने नुसतं ‘काहीतरी आहे’ कळायला १, प्रकार कळायला ४ आणि नेमकी ओळख पटायला ६.४ लागतात. समजा दुर्बीण मिलिरेडियनला ४ जोडरेषा देते. ३,००० मीटरवर २.२ मीटरची गाडी ०.७३ मिलिरेडियन भरते, म्हणजे जवळपास ३ जोडरेषा. काहीतरी आहे हे नक्की, रणगाडा असल्याची खात्री नाही, आपला की परका हे तर नाहीच. ओळखीसाठी अंतर १,३७५ मीटरवर यावं लागेल. बांधाआड गाडी उभी करून वरचा फक्त ०.८ मीटर भाग उघडा ठेवला तर ३,००० मीटरवर जेमतेम १ जोडरेषा उरते. शिकणाऱ्याने आडोसा नीट घेतल्याचं बक्षीस त्याला इथे मिळतं. तुमच्या सिम्युलेशनने शिकवायची गोष्ट नेमकी हीच आहे.

शेवटचं, आणि बहुतेक तुमचा खरा घोटाळा इथेच असावा: संभाव्यतेचा फासा प्रत्येक टिकला (सिम्युलेशनच्या प्रत्येक पावलाला) टाकू नका. दहा हर्ट्‌झवर (सेकंदाला दहा वेळा) ०.५ चा फासा टाकला तर सेकंदभरात न दिसण्याची शक्यता हजारात एक उरते, म्हणजे सगळंच लगेच दिसतं. निरीक्षक-लक्ष्य या जोडीसाठी फासा एकदाच टाकून उंबरठा काढून ठेवा; सापडण्याची शक्यता वाढत त्याच्यापुढे गेली की लक्ष्य दिसलं. त्या दृश्यात लक्ष्य शेवटी सापडण्याची शक्यता पी आणि गेलेला वेळ टी सेकंद धरला तर वेळेनुसार वाढ पी × (१ − ई^(−टी/टाऊ)), आणि टाऊ = ३.४ ÷ पी सेकंद. पी ०.५ असेल तर टाऊ ६.८ सेकंद. हे एका दृश्यचौकटीपुरतं आहे. कमांडर १८० अंशांचा भाग चाळत असेल तर चौकटींमध्ये वेळ वाटून द्या.

---

जुना_गनर · मंगळवार, सकाळी ६.२०

भीमाकाठ ताईंनी डोळ्यांचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो. एजंट चुकीचा वाटतो त्याचं मोठं कारण हे की त्याला गाडीच्या मर्यादा माहीत नसतात.

दिसल्यावर लगेच गोळा सुटत नाही. कमांडर बघतो, गनरला दिशा आणि लक्ष्य सांगतो, गनर बुरूज फिरवून धरतो, लेझरने अंतर घेतो, मग फायर. प्रत्येक टप्प्याला वेगळा वेळ द्या आणि तो ठरलेला आकडा ठेवू नका, कमी-जास्त होऊ द्या. ऑटोलोडरला पुढचा गोळा भरायला सुमारे ८ सेकंद. त्याच्या कॅरोसेलमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या चकतीत) २२ गोळे. ते संपले की उरलेले गोळे हाताने भरायचे, त्यासाठी आडोशाला जावं लागतं. तुमच्या एजंटला हा हिशोब आहे का? नसेल तर तो शेवटच्या गोळ्यापर्यंत एका जागी बसून मारत राहील. तुमचा विद्यार्थीही तेच शिकेल आणि ती सवय पुढे मोडणं अवघड जातं.

मागे जाण्याचा वेग बघा. टी-७२ चा रिव्हर्स ताशी ४ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. ५० मीटर मागे सरायला पाऊण मिनिट. त्यामुळे जागा निवडतानाच माघार ठरते. १०-१५ मीटर मागे घेतलं की गाडी नजरेआड होईल अशीच जागा फायरिंग पोझिशन म्हणून चालते. तशी नसेल तर गाडी वळवावी लागते आणि पातळ पाठ शत्रूला दाखवावी लागते. तुमच्या कोडमध्ये पुढचा आणि मागचा वेग एकच असेल तर ‘माघार’ ही अवस्थाच खोटी आहे.

तोफ खाली फार झुकत नाही, साधारण ६ अंश. उतारावर नाक वर करून उभी असलेली गाडी समोरच्या खोलगट भागात मारू शकत नाही. जागा तपासताना गाडीचा कल आणि लक्ष्याचा कोन दोन्ही बघा.

आपल्या सपाट रानात आडोसा म्हणजे शेताचे उंच बांध, ओढ्याचा काठ, पाझर तलावाचा भराव, कालव्याचा भराव. ३० मीटरच्या जाळीत यातलं काहीच येत नाही. हे रेषा म्हणून हाताने काढा आणि प्रत्येकाला उंची द्या. एवढं काम चुकवू नका बाळांनो. याच्याशिवाय तुमचा नकाशा टेबलासारखा आहे आणि टेबलावर डावपेच नसतात.

ट्रूपची हालचाल: एक किंवा दोन गाड्या थांबून नजर ठेवणार, बाकीची पुढच्या आडोशापर्यंत जाणार. पुढे जाणारी गाडी मागच्यांच्या माऱ्याच्या टप्प्याबाहेर जाता कामा नये. संपर्क झाला की क्रम असा: मारा किंवा धूर, आडोसा, रिपोर्ट, मग पुढचा विचार. पहिल्या तीन गोष्टी विचार न करता होतात, ते ड्रिल आहे. निर्णय चौथ्या पायरीवर सुरू होतो. एकाच जागेवरून दोन-तीन गोळे मारले की जागा बदलायची.

---

बार्शीकर · मंगळवार, दुपारी १.०५

जुना_गनर काकांनी शेवटी जे सांगितलं त्यावरूनच रचना ठरते. ड्रिल एका थरात, निर्णय दुसऱ्या थरात.

गाडीच्या थराला बिहेव्हिअर ट्री (वागणुकीच्या नियमांचं झाड) वापरा. मुळाशी प्राधान्यक्रमाने चार फांद्या: जीव वाचवणे (लेझर पडल्याची सूचना, जवळ पडलेला गोळा, कॅरोसेल रिकामं), संपर्क ड्रिल, ट्रूप लीडरने दिलेलं काम, आणि काहीच नसेल तर ठरलेला भाग चाळणे. वरची फांदी लागू झाली की खालची थांबते. नवखे इथे दरवेळी फसतात: फांदी मध्येच तोडली तर तिची आवराआवर करणारा भाग लिहावा लागतो. नाहीतर गाडी मागे सरतेय पण आधीच्या ‘पुढे चला’चा मार्ग मूव्हमेंट कंट्रोलरमध्ये तसाच पडून आहे, आणि दोन सेकंदांनी ती परत पुढे निघते. तुमचे हेलकावे अर्धे यामुळे असतील.

उरलेले अर्धे उंबरठ्यामुळे. ‘धोका ०.६ पेक्षा जास्त तर माघार, कमी तर हल्ला’ असं एकच रेषेवर ठेवलं की आकडा ०.५९ आणि ०.६१ मध्ये नाचतो. माघारीला ०.७, परत हल्ल्याला ०.४ ठेवा, शिवाय एकदा घेतलेला निर्णय किमान १५-२० सेकंद टिकवा. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या फांदीचा.

सगळं एकाच वेगाने चालवू नका. हालचाल १० हर्ट्‌झ, गाडीचा ट्री २ हर्ट्‌झ, ट्रूप लीडर दर ५ सेकंदांनी. तीन गाड्यांचे ट्री वेगवेगळ्या टिकवर सुरू करा, नाहीतर तिन्ही बुरूज एकाच क्षणी वळतात आणि ते बघणाऱ्याला लगेच खटकतं.

जागा निवडायला ट्री वापरू नका, गुण द्या. सध्याच्या जागेपासून ६०० मीटरच्या आत साठेक उमेदवार बिंदू घ्या, त्यातले निम्मे बांध-काठ यांच्या रेषांवरून. प्रत्येकाला गुण: शत्रूच्या संभाव्य वर्तुळाचा किती भाग दिसतो, आपला किती भाग उघडा पडतो, १५ मीटर मागे आडोसा आहे का, तिथवर पोचताना किती सेकंद उघड्यावर जातील, शेजारची गाडी किती दूर. गुणांची बेरीज न करता गुणाकार करा. बेरजेत एक गोष्ट फार चांगली असली की ‘मागे आडोसाच नाही’ हे झाकलं जातं, गुणाकारात शून्य ते शून्यच. अव्वल बिंदू दरवेळी घेण्यापेक्षा पहिल्या तीनांतून गुणांच्या प्रमाणात निवडा. चाल पाठ होण्याची तुमची तक्रार बरीचशी इथेच मिटेल.

ट्रूप लीडरला समजूत-इच्छा-हेतू (बीडीआय) या धर्तीची रचना बरी. आनंद एस. राव यांची एजंटस्पीक ही भाषा १९९६ ची, तिच्यावर आधारलेलं जेसन हे सॉफ्टवेअर आजही मिळतं. ते न घेता साध्या पायथनमध्येही होतं. त्यातलं महत्त्वाचं तत्त्व एवढंच: हेतू एकदा धरला की तो पूर्ण झाला, अशक्य झाला, किंवा ज्या समजुतीवर तो उभा होता ती समजूत खोटी ठरली, तरच सोडायचा. प्रत्येक हेतूबरोबर त्याच्या आधाराच्या समजुती लिहून ठेवा. ‘डावीकडून वळसा, कारण कालव्याचा पूल मोकळा आहे आणि शत्रू उजवीकडे आहे.’ यातलं एक जरी वहीत बदललं तरच पुनर्विचार.

आणि तीन गाड्यांची वही एक करू नका. एका गाडीला दिसलं ते दुसरीला रेडिओवरूनच कळलं पाहिजे, ५ ते २० सेकंद उशिराने आणि ठिकाणात शंभरेक मीटरची चूक घेऊन. वही एकच असली की तीन गाड्या एका मेंदूच्या होतात, आणि शिकणाऱ्याला शत्रूच्या ताळमेळातल्या फटी कधी सापडतच नाहीत.

---

दक्षिण_कसबा · मंगळवार, दुपारी ३.४०

+१. पण मूळ प्रश्न राहिलाच: रीइन्फोर्समेंट लर्निंग का नको? आजकाल सगळे त्याच मार्गाने चाललेत. आणि मोठी भाषा-मॉडेलं थेट ट्रूप लीडर म्हणून बसवता येतील का?

---

होटगी_रोड · मंगळवार, रात्री ९.३०

दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

ऑगस्ट २०२० मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या अल्फाडॉगफाइट ट्रायल्समध्ये हेरॉन सिस्टिम्स कंपनीच्या एजंटने सिम्युलेटरवर एफ-१६ च्या पायलटला ५-० ने हरवलं. ते यश खरंच आहे. पण कसं जिंकला ते बघा: समोरासमोर येऊन अगदी जवळून तोफ डागायची, असा डाव माणसांना सराव उड्डाणांत सुरक्षेसाठी मनाई असलेला. शिवाय त्याला समोरच्या विमानाची अचूक स्थिती मिळत होती. जिंकणारा एजंट हवा असेल तर हा रस्ता आहे. सरावासाठी हवा तो एजंट असा, की ज्याच्याशी लढून शिकलेली गोष्ट बाहेरही खरी ठरते.

शिकणारा एजंट सिम्युलेशनमधली प्रत्येक फट शोधतो. तुमच्या कालव्यातून पार होता येतं ना? तो पहिल्या रात्रीत ते शोधेल आणि सगळा डाव त्याच्यावर उभा करेल. बक्षीस ‘शत्रूच्या गाड्या नष्ट करणे’ ठेवलंत तर काम सोडून शिकार करेल, ‘स्वतः वाचणे’ला जास्त वजन दिलंत तर नकाशाच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. आणि डाव संपल्यावर प्रशिक्षकाने ‘याने डावीकडून वळसा का घेतला’ विचारलं तर सांगायला काही नसतं. ट्रीमध्ये फांदीचं नाव सांगता येतं.

जुनं उदाहरण अजूनही शिकण्यासारखं आहे. सोअर या नियमांवर चालणाऱ्या आर्किटेक्चरवर बांधलेला टॅकएअर-सोअर हा संगणकी पायलट १९९७ च्या ‘सिंथेटिक थिएटर ऑफ वॉर’ सरावात उतरला होता. त्यात ५,२०० हून जास्त नियम होते आणि ४८ तासांच्या सरावात अमेरिकेच्या बाजूच्या ७२२ उड्डाणांचं काम त्याच्यावर होतं. शिकून आलेलं काही नाही, सगळं पायलटांशी बोलून लिहिलेलं. किंमतही त्यातच दिसते: नियम लिहिणं आणि सांभाळणं हेच सगळ्यात मोठं काम.

तुमच्या प्रकल्पात रीइन्फोर्समेंट लर्निंगचा उपयोग उलट्या बाजूने करा. त्याला तुमच्या ट्रीविरुद्ध खेळवा. तो ज्या चालीने दरवेळी जिंकतो ती चाल बघा: ती फट एकतर सिम्युलेशनमधली आहे किंवा ट्रीमधली. ती बुजवा. परीक्षक म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाही.

भाषा-मॉडेल डाव चालू असताना निर्णयाच्या लूपमध्ये नको. उत्तराला लागणारा वेळ कमी-जास्त होतो, त्याच इनपुटला वेगळं उत्तर येऊ शकतं, आणि अंतर-दिशा यांत ते बिनधास्त चुकतं. बाहेर मात्र दोन जागी छान चालतं. एक, प्रशिक्षकाने मराठीत लिहिलेला आदेश (‘दोन नंबर गाडी पाझर तलावाच्या भरावाआड, बाकीचे पुलापर्यंत’) ठरलेल्या साच्यात उतरवणं. त्यात सहनिर्देशांक मॉडेलने लिहायचे नाहीत, फक्त नकाशावरच्या नाव दिलेल्या बिंदूंच्या यादीतून निवडायचे. यादीत नसलेलं नाव आलं की आदेश परत पाठवायचा. दोन, डावानंतर लॉगवरून वाचण्याजोगा गोषवारा लिहिणं.

---

माळरान · मंगळवार, रात्री १०.१५

खूप आभार सगळ्यांचे. फासा टिकमागे एकदा टाकत होतो, ताईंनी बरोबर पकडलं. कालव्याचं काय करायचं? आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाड्या कशा चालवायच्या?

---

भीमाकाठ · मंगळवार, रात्री ११.२०

कालवा दहा-बारा मीटर रुंद, जाळी ३० मीटरची. रास्टर करताना रेषा ज्या पेशींच्या मध्यातून जाते तेवढ्याच भरल्या तर मध्ये मध्ये भोकं पडतात. रेषा जिला जिला शिवते ती प्रत्येक पेशी भरणारी पद्धत वापरा. तरीही कालवा तिरका गेला की पायऱ्या होतात, आणि आठ दिशांनी चालणारा ए-स्टार (मार्ग शोधणारा अल्गोरिदम) दोन बंद पेशींच्या कोपऱ्यातून तिरका निसटतो. शेजारच्या दोन सरळ पेशींपैकी एकही बंद असेल तर तिरकं पाऊल मना करा. एवढ्याने ‘पार होतो’ हे थांबेल.

‘अडकतो’चं कारण उलटं आहे: मार्ग जाळीवर काढलाय, गाडी मात्र ३.६ मीटर रुंद आहे आणि खऱ्या भूमितीवर अडते. पुलाच्या पेशीसाठी वेगळा मार्गबिंदू द्या, पुलाच्या अक्षावर, दोन्ही टोकांना २०-२० मीटर आधी. पुलाला वजनाची मर्यादाही द्या. टी-७२ ४१ टनांच्या पुढे आहे, गावाकडच्या प्रत्येक फरशी पुलावरून तो जाणार नाही.

जाळी सुमारे ६६७ बाय ६६७, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास पेशी. ए-स्टारला हे जड नाही. खर्चात नुसतं अंतर न धरता वेळ अधिक उघड्यावर काढलेले सेकंद गुणिले वजन असं धरा. वजन १ ठेवलं तर एजंट धाडसी, ५ ठेवलं तर ओढ्या-ओढ्याने जाणारा. हा एक आकडा बदलून शत्रूचा स्वभाव बदलतो.

काळी जमीन: कोन इंडेक्स (शंकूचं टोक जमिनीत दाबून मोजलेली तिची ताकद) वापरा. जमिनीचा आकडा गाडीच्या आकड्यापेक्षा जास्त असला तर गाडी जाते, कमी असला तर रुतते. कोरड्या काळ्या रानात अडचण नाही. भिजल्यावर ताकद झपाट्याने उतरते. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा, तेव्हा मुरमाड माळ आणि काळं रान यांच्यातला फरक नकाशावर ठळक दिसला पाहिजे. एकाच वाटेवरून गाड्या पुन्हा पुन्हा गेल्या की ओली जमीन आणखी खचते, म्हणून दर फेरीला त्या पेशीचा आकडा थोडा उतरवा. तिसरी गाडी पहिल्या दोघांच्या चाकोरीत रुतते हे मग आपोआप घडेल. आणि एजंटला ओलाव्याचा खरा आकडा देऊ नका. त्याला नकाशावरचा मातीचा प्रकार आणि गेल्या दोन दिवसांचा पाऊस एवढंच माहीत असावं.

---

कंबरतलाव · बुधवार, सकाळी ८.०५

नेटवर्कबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एजंट वेगळ्या मशिनवर आणि शिकणारे वेगळ्या, असं करणार असाल तर सिम्युलेशनं नेटवर्कवर जोडायचं डीआयएस हे मानक घ्या, आयईईई १२७८. एचएलए हे दुसरं मानक तुमच्या आकाराला जड पडेल.

डीआयएसमध्ये ठिकाण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात आणि ते ६४ बिटांत ठेवायचं असतं. ग्राफिक्सच्या सोयीसाठी कुणीतरी ते ३२ बिटांत घेतं. सोलापूरचा वाय-अक्षाचा आकडा सुमारे ५९ लाख मीटर येतो, आणि त्या आकाराला ३२ बिटांत दोन शेजारच्या आकड्यांमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. गाडी थरथरते. उघडा भाग ०.८ मीटर मोजत असाल तर अर्ध्या मीटरच्या चुकीत सगळं गेलं. चौकोनाच्या मध्याला स्थानिक शून्य धरा, ६४ बिटांत वजाबाकी करा, मगच ३२ बिटांत उतरवा.

कोनही केंद्राच्या अक्षांनुसार असतात, उत्तरेपासूनचे नाहीत. थेट वापरले तर गाडी कुशीवर पडलेली दिसते. बाइट्सचा क्रम बिग-एंडियन, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी.

थांबलेल्या गाडीचा संदेश दर ५ सेकंदांनी जातो आणि १२ सेकंद काही आलं नाही की ती गेली असं धरतात. मधल्या वेळात डेड रेकनिंगने (शेवटच्या वेग-दिशेवरून) अंदाज, १ मीटर किंवा ३ अंशांपेक्षा जास्त फरक पडला की नवा संदेश. वायफायवर ब्रॉडकास्ट पॅकेट गळतात, गाड्या उड्या मारतात, आणि एजंट त्या उडीला हालचाल समजून मारतो. साधा गिगाबिट स्विच आणि वायर वापरा.

सिम्युलेशनचं पाऊल ठरलेलं ठेवा, फ्रेमवर अवलंबून नको. मे महिन्यात आपल्या उन्हात एसी नसलेल्या लॅबमध्ये प्रोसेसर तापून वेग उतरवतो. पाऊल फ्रेमला बांधलेलं असेल तर त्याच सीडवर (फाशांचे आकडे जिथून सुरू होतात त्या आकड्यावर) सकाळी आणि दुपारी वेगळा डाव होतो आणि चूक शोधता शोधता आठवडा जातो.

---

जुना_गनर · बुधवार, सकाळी ९.३०

एक राहिलं. अवघड पातळी म्हणून एजंटचा नेम वाढवू नका. नेम सगळ्या पातळ्यांवर सारखा ठेवा. सोप्या पातळीला तो उतावळा असू दे: लांबून मारणारा, एकाच जागेवर बसणारा, बाजू न बघणारा. अवघड पातळीला संयमी: पहिली गाडी जाऊ देणारा, दुसरी उघड्यावर आली की मारणारा, रिपोर्ट वेळेवर देणारा. प्रत्येक चूक अशी हवी की चांगल्या कमांडरला ती ओळखून फायदा घेता येईल.

---

बार्शीकर · बुधवार, दुपारी १२.५०

काकांचं हे थेट कोडमध्ये येतं: मारा सुरू करायचं अंतर, जागा बदलण्याआधीचे गोळे, उघडेपणाचं वजन, रिपोर्टचा उशीर. चार आकड्यांची एक फाइल म्हणजे एक शत्रू कमांडर. अशा पाच-सहा फाइली बनवा आणि डावाच्या सुरुवातीला त्यातली एक उचला. कोणती ते शिकणाऱ्याला सांगू नका.

तपासणीसाठी एजंट विरुद्ध एजंट डाव चालवा. १०० डावांवर जिंकण्याच्या टक्केवारीत वर-खाली १० ची चूक राहते, ४०० वर ५ ची. दोन रचनांची तुलना करताना दोन्हींना तेच सीड द्या, म्हणजे कमी डावांत फरक दिसतो. पण टक्केवारी पुरेशी नाही. प्रशिक्षकांसमोर रेकॉर्ड केलेले डाव ठेवा, काही माणसांचे, काही एजंटचे, नावं झाकून. कुठे ‘हे माणूस करणार नाही’ म्हणतात तो क्षण नोंदवा. त्या नोंदी म्हणजे पुढच्या महिन्याचं काम.

---

माळरान · बुधवार, रात्री ८.४०

क्रम असा ठरवतोय: आधी दृष्टीचं मॉड्यूल आणि वही, मग बांध-काठांच्या रेषा आणि पिकाचा थर, मग गाडीचा ट्री, मग ट्रूप लीडर. लॉग शेवटी. चालेल का?

---

भीमाकाठ · बुधवार, रात्री ९.५५

लॉग सगळ्यात आधी. दृष्टीचं मॉड्यूल बरोबर चाललंय की नाही हे लॉगशिवाय तपासणार कसं? प्रत्येक निर्णयाला एक ओळ: टिक क्रमांक, गाडी, ट्रीची चालू फांदी, त्या क्षणी वहीत काय होतं, जगात खरं काय होतं, आणि निवडलेल्या जागेसह नाकारलेल्या पहिल्या दोन जागांचे गुण. जगाची खरी स्थिती फक्त लॉगला दिसेल, एजंटला नाही. डावानंतरच्या चर्चेत हे दोन रकाने शेजारी ठेवून प्रशिक्षक दाखवू शकतो की शत्रूला तू इथे दिसलास, इथे नाही. सीड आणि कॉन्फिगरेशन फाइलची प्रत लॉगच्या पहिल्या ओळीत. हे आज रात्री करा, बाकीचा क्रम ठीक आहे.